गावाचा कृषी-विकास आराखडा: सुरुवात यंत्रांपासून करावी की पाण्याच्या ताळेबंदापासून?

प्रश्न (नवा ग्रामपंचायत सदस्य, चिखली तालुका, जि. बुलढाणा)

सर्वांना नमस्कार. आमचे गाव सुमारे दोन हजार लोकवस्तीचे असून शिवार अंदाजे ९०० हेक्टरांचे आहे. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत विहिरींना पाणी असेल तेवढा हरभरा, अशी आमची शेती आहे. पाऊस सरासरीने ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, तरीही मार्च उजाडला की अर्ध्या विहिरी तळ गाठतात आणि तरुण मुले कामासाठी पुण्याची वाट धरतात. ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यासाठी लवकरच ग्रामसभा होणार आहे. त्यात केवळ सभामंडप आणि सिमेंट रस्ते न येता शेतीचाही विचार व्हावा, अशी आम्हा काही सदस्यांची मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी की प्रत्येकाची सूचना वेगळी आहे. कोणी फवारणीचा ड्रोन मागतो, कोणी शेडनेट, कोणी सामूहिक शेततळे, तर काही जण शासनाच्या मदतीने बोअर घ्यावेत म्हणून आग्रह धरतात. गावात महिलांचे बारा बचत गट आहेत, पण आराखडा ठरवताना त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही. आधुनिक शेती आणि लोकसहभाग यांची सांगड घालून निदान पाच वर्षांचे नियोजन करायचे असेल, तर पहिले पाऊल कोणते असावे? ज्यांनी असे काम जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ (पाणलोट क्षेत्रात काम केलेला निवृत्त कृषी कर्मचारी)

सदस्य महोदय, आपला प्रश्न योग्य वेळी आला आहे. माझे ठाम मत असे आहे की आराखड्याचे पहिले पान पाण्याच्या ताळेबंदाचे असले पाहिजे, आणि कोणते यंत्र घ्यायचे हा विचार त्या पानानंतरच करावा. हे मी आपल्याच गावाच्या आकड्यांवर करून दाखवतो.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १० हजार लिटर पाणी पडले. आपल्या ९०० हेक्टरांवर ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ६३ लाख घनमीटर. हा आकडा ऐकून ग्रामसभेत लोक चकित होतील, पण आपल्याकडच्या काळ्या कातळात त्यातला ढोबळमानाने दशांश भागच मुरतो. म्हणजे विहिरींच्या वाट्याला साधारण ६.३ लाख घनमीटर पाणी येते. त्यातलेही सगळे उपसून चालत नाही. ७० टक्क्यांच्या आत उपसा ठेवणे सुरक्षित मानले जाते, म्हणून ४.४ लाख धरा. दोन हजार माणसांना दरडोई रोज ५५ लिटर आणि सहाशे मोठ्या जनावरांना प्रत्येकी ५० लिटर या हिशेबाने वर्षाचे सुमारे ५१ हजार घनमीटर पाणी आधी बाजूला काढून ठेवावे लागेल. उरले साधारण ३.९ लाख घनमीटर. बंधारा किंवा पाझर तलाव असेल तर त्याचा साठा वेगळा मोजा.

आता हे पाणी कशाला द्यायचे, हा गावाचा खरा निर्णय आहे. हरभऱ्याला तुषार संचाने दोन पाळ्या द्यायच्या म्हटले तर हेक्टरी साधारण १,२०० घनमीटर पाणी पुरते, म्हणजे सुमारे सव्वातीनशे हेक्टर हरभरा खात्रीने पिकेल. उलट पाटाच्या पाण्यावर हेक्टरी २० हजार घनमीटर पिणारा ऊस अवघ्या वीस हेक्टरांवर लागला तरी गावाचे पाणी तेथेच संपते. पाच-सहा शेतकऱ्यांच्या निर्णयाने शंभर घरांची रब्बी बुडते, ही गोष्ट कागदावर आकड्यांत मांडली नाही तर ती कोणालाच दिसत नाही. आपले आकडे याहून थोडे वेगळे निघतील. तलाठ्याकडील पीकपेरा, मंडळाच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी आणि विहिरींची मोजलेली पातळी यांवरून ते नेमके करून घ्या.

हिवरे बाजारने हेच केले. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा हे नगर तालुक्यातील गाव दुष्काळाने आणि स्थलांतराने खचलेले होते. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान यांचे नियम गावाने स्वतःवर लादून घेतले. डोंगरावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे चर, खोदले, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, ऊस आणि केळी टाळली. आजही तेथील ग्रामसभा पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून रब्बीची पिके ठरवते. पुष्कळ गावांनी तेथील चर आणि बंधारे पाहून आपल्याकडे तसे खोदले, पण उपशावरचे नियम आणले नाहीत, आणि म्हणून चार वर्षांत पुन्हा टँकर सुरू झाले.

सामूहिक शेततळ्याबद्दल सावधगिरीचा एक शब्द. जालना जिल्ह्यातील कडवंचीत पाणलोटाचे, म्हणजे पावसाचे पाणी अडवण्या-मुरवण्याचे काम आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पुरे झाले आणि त्यानंतर शेततळ्यांवर द्राक्षबागा उभ्या राहिल्या, हा क्रम महत्त्वाचा आहे. प्लास्टिक अंथरलेले तळे जर विहिरीतून उपसून भरायचे असेल, तर जमिनीखाली सुरक्षित असलेले सामाईक पाणी आपण उन्हात उघडे ठेवतो आणि ते एका सातबाऱ्यावर नेऊन ठेवतो. अशा तळ्याला ग्रामसभेने मान्यता देताना ते केवळ वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याने भरले जाईल, अशी अट घालावी.

उत्तर २ (महिला ग्रामसंघाची सचिव, यवतमाळ)

वरील दादांनी पाण्याचे अगदी योग्य सांगितले आहे. मी बचत गटांच्या बाजूने लिहिते, कारण प्रश्नातील ‘त्यांना कोणी विचारलेले नाही’ हे वाक्य वाचून मला वाईट वाटले. ज्या बारा गटांनी दर आठवड्याला बैठक घेऊन, बचत गोळा करून, आपसात कर्ज देऊन आणि ते वेळेवर फेडून घेऊन वर्षानुवर्षे हिशेब चोख ठेवला आहे, त्यांच्याएवढी शिस्तीची दुसरी कोणती संस्था आपल्या गावात आहे? आराखड्यात नवी समिती निर्माण करण्यापूर्वी या गटांच्या ग्रामसंघाकडे कोणती कामे सोपवता येतील, ते पाहावे.

सोयाबीनच्या गावात सर्वांत सोपे आणि सर्वांना लाभ देणारे काम म्हणजे घरचे बियाणे. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक असल्यामुळे त्याच्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचे बियाणे दोन-तीन वर्षे राखून पेरता येते, तरीही दर जून महिन्यात लोक उसनवारी करून पिशव्या विकत घेतात. आमच्या ग्रामसंघाने हे काम हाती घेतले. काढणीच्या वेळी बियाण्याचा प्लॉट वेगळा मळायचा आणि मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ३०० ते ४०० च्या आत ठेवायचे, कारण या दाण्याचे टरफल फार नाजूक असते आणि मार बसला की अंकुर मरतो. मे महिन्यात प्रत्येक घरच्या बियाण्यातून शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो, रोज पाणी शिंपडतो आणि आठवडाभराने उघडून मोड मोजतो. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर एकरी तीस किलो बियाणे पुरते. साठच उगवले तर पस्तीस किलो वापरायला सांगतो, आणि त्याहून कमी असेल तर ते बियाणे पेरूच नये असे स्पष्ट सांगतो. या कामाला गोणपाटाचे तुकडे, एक वही आणि ज्यांच्यावर गावाचा विश्वास आहे अशा पाच-सहा बाया एवढेच लागते.

यंत्रांना माझा विरोध नाही. रुंद वरंबा सरी पद्धतीचे पेरणी यंत्र आमच्याकडे फार उपयोगी ठरले, कारण पावसाने ओढ दिली तर वरंब्यात ओल टिकते आणि अतिवृष्टी झाली तर जादा पाणी सरीतून निघून जाते. मात्र असे यंत्र एकेका शेतकऱ्याने घेण्याऐवजी औजार बँकेत ठेवावे, भाडे आणि पाळी ग्रामसभेत ठरवावी, आणि पेरणीच्या आठवड्यात लहान शेतकऱ्याची पाळी शेवटी ढकलली जाणार नाही असा लेखी नियम करावा. एका शेजारगावात अनुदानातून आलेला ट्रॅक्टर ज्याच्या गोठ्यात उभा राहिला त्याचाच झाला, आणि त्या गटाची बैठक पुन्हा कधीच भरली नाही.

उत्तर ३ (द्राक्ष बागायतदार, दिंडोरी, जि. नाशिक)

पाणी आणि बियाणे या दोन्ही गोष्टी मान्य आहेत, परंतु उत्तर १ मधील एका मुद्द्याशी माझा मतभेद आहे. ग्रामसभेने पिके ठरवून द्यावीत, हे प्रत्येक ठिकाणी चालणार नाही. आमच्या वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात चोवीस पाणीवापर संस्था आहेत आणि पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून मिळते. आपल्या वाट्याला आलेल्या पाण्यात कोणते पीक घ्यायचे, याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला असते. पाणी मोजून आणि पैसे देऊन मिळू लागल्यावर लोक आपोआप ठिबककडे आणि अधिक मोलाच्या पिकांकडे वळले. म्हणून बंधन पिकावर घालण्यापेक्षा पाण्याच्या वाट्यावर घालावे, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट बाजाराची, जिचा आतापर्यंत कोणी उल्लेख केलेला नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हा एकट्या शेतकऱ्याची गुणवत्ता पुरेशी नसते, सगळ्यांच्या फवारणीच्या नोंदी सारख्या शिस्तीच्या असाव्या लागतात, हा धडा आमच्या भागाला फार महागात मिळाला. तुमच्या सोयाबीनलाही हाच न्याय लागू आहे. दहा शेतकरी मिळून उत्पादक कंपनी नोंदवू शकतात, पण नोंदणीची घाई करू नका. आधी दोन हंगाम एकत्र चाळणी, एकत्र वजन आणि ओलावामापकाने तपासणी करा, माल १२ टक्के ओलाव्याच्या आत आणून विका. दर पडलेले असतील तेव्हा बाजार समितीमार्फत चालणाऱ्या पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेचा विचार करा. सोयाबीन गोदामात ठेवून मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम उचलता येते आणि दिवाळीच्या तोंडावर पडेल भावाने विकण्याची वेळ टळते.

प्रश्नकर्ता

आपणा तिघांचाही मनःपूर्वक आभारी आहे. ९०० हेक्टरांचा हिशेब मी काल चार शेतकऱ्यांसमोर वाचून दाखवला आणि चर्चा रात्री उशिरापर्यंत चालली. त्यातून दोन शंका निघाल्या. आमच्या गावातील जवळजवळ तिसरा हिस्सा कुटुंबे भूमिहीन आहेत. पाण्याच्या या साऱ्या नियोजनात त्यांना काय मिळणार? दुसरे म्हणजे, ज्यांच्याकडे खोल बोअर आहेत ते कोणत्याही नियमाला तयार होतील असे वाटत नाही.

उत्तर १ देणारे

भूमिहीनांचा प्रश्न तुम्ही स्वतःहून काढलात, याचे फार समाधान वाटले. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीची मांडणी केली, तिचा गाभा हाच होता. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते द्यायचे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क द्यायचा, उसासारखी बारमाही पिके घ्यायची नाहीत, योजनेच्या खर्चाचा २० टक्के वाटा लाभार्थ्यांनी उचलायचा आणि वाटपासाठी गावानेच पाटकरी नेमायचा. भूमिहीन कुटुंब आपल्या वाट्याच्या पाण्यावर दुसऱ्याची जमीन वाट्याने कसू शकते. आपल्याकडे नव्याने होणाऱ्या सामाईक साठ्यापुरता, म्हणजे दुरुस्त केलेल्या बंधाऱ्यापुरता तरी हा नियम सुरुवातीलाच लिहून घ्या, कारण पाणी वाढल्यानंतर वाटणी बदलायला कोणी तयार होत नाही. शिवाय गाळ काढणे, चर खोदणे ही कामे रोजगार हमीतून घेतल्यास पहिली मजुरी याच घरांत जाईल.

बोअरवाल्यांच्या बाबतीत उत्तर ३ मधील बागायतदारांचा मुद्दा मी मान्य करतो, पण धरणाचे पाणी दरवाजातून मोजता येते, तसे भूजल मोजता येत नाही. तेथे पिकाकडे पाहूनच उपसा ओळखावा लागतो. कायद्याचा आधार म्हणाल, तर २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यास मनाई आहे. तरीही पहिल्याच वर्षी कायदा पुढे करू नका. शिवारातील सहा विहिरी निरीक्षणासाठी निवडा, त्यांत दोन विहिरी खोल बोअर असलेल्यांच्या शेजारच्या असू द्या. दर महिन्याच्या एक तारखेला शाळेतील मुलांच्या हातून दोरीने पातळी मोजून घ्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर विहीरमालकाच्या संमतीने लिहा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ताळेबंद वाचा, त्या वर्षी केवळ शिफारस करा आणि मार्चमध्ये त्याच विहिरींची पातळी पुन्हा वाचून दाखवा. नियमाचा ठराव दुसऱ्या वर्षी, तुमच्याकडे बारा महिन्यांचे आकडे जमल्यावरच मांडा, आणि तो मांडायला एखाद्या बोअरमालकालाच तयार करण्याचा प्रयत्न करा.