होमस्कूल झालेल्या मुलीला शिक्षिका व्हायचंय, कॉलेज कुठलं? (टेक्सस, वर्षाला १०,००० डॉलरच्या आत)

मोगरा_डॅलस
सलाम मंडळी. थोरली मुलगी १७ वर्षांची आहे. पहिलीपासून घरीच शिकली, अबेका या ख्रिस्ती प्रकाशनाची पुस्तकं आणि गणिताला सॅक्सनचे संच. गेली दोन वर्षं को-ऑपमध्ये (होमस्कूलवाल्या घरांचे एकत्र वर्ग) दर मंगळवारी लहान मुलांना वाचायला शिकवते आणि धाकट्या दोघांचं गणित तर तिच्याकडेच असतं. आता म्हणते, शिक्षिकाच व्हायचंय. माझी आजी नगरला मिशनच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे घरात आनंद आहे. पण वर्षाला १०,००० च्या वर जमणार नाही, मागे अजून दोघं आहेत. ख्रिस्ती वातावरण मिळालं तर उत्तम. शिवाय शाळेचा दाखलाच नाही, त्याचं काय करायचं? घरी शिकवणं बरोबर की चूक, हा वाद कृपया नको.

तात्या_ह्यूस्टन
वाद घालत नाही, पण ज्या मुलीनं शाळेचा वर्ग आतून पाहिला नाही ती वर्ग कसा सांभाळणार? एवढंच विचारतो.

मोगरा_डॅलस
तात्या, हाच तो वाद.

पाळकीणबाई
ताई, मुळीच घाबरू नका. आमची लेक सुद्धा होमस्कूल. कॅलिफोर्नियात बायोला या ख्रिस्ती विद्यापीठात गेली, तिथूनच शिक्षिका झाली, जावईही तिथलाच मिळाला, दोघं मिळून मंडळीत रविवारची शाळा चालवतात. वातावरण म्हणाल तर दुसरं तसं नाही. खर्च वर्षाला चाळीस हजारांच्या वर जातो, पण प्रभू पुरवतो. आम्ही घरावर कर्ज काढलं.

सॅक्सन_हवंय
अल्जेब्रा दोनचा संच विकायचा आहे का? उत्तरांच्या पुस्तकासकट हवा.

पेनसिल्व्हेनियाकर
दाखल्याची चिंता करणारे टेक्ससवाले पाहिले की हसू येतं. आमच्याकडे दरवर्षी नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, कामाची फाइल, ती तपासणारा मूल्यमापक, शिवाय तिसरी, पाचवी आणि आठवीत परीक्षा. तुमच्या सर्वोच्च न्यायालयानं (राज्याच्या) १९९४ साली लीपर खटल्यात होमस्कूल म्हणजे खासगी शाळाच असं मान्य केलं, तेव्हापासून तुम्ही मोकळे. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व एवढे पाच विषय शिकवले की झालं. शाळा पूर्ण केल्याचा डिप्लोमा आईवडिलांनीच द्यायचा. ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) मात्र नीट करा: विषय, वर्ष, क्रेडिट, ग्रेड, कोणतं पुस्तक वापरलं. कॉलेजच्या फीसाठी सरकारी मदत घ्यायला जीईडी (शाळा पूर्ण केल्याच्या बरोबरीची परीक्षा) लागत नाही, राज्याच्या कायद्याप्रमाणे होमस्कूल पूर्ण केलं तरी चालतं.

अडकलेला_मास्तर
माझ्यासारखं करू नका. मीही ख्रिस्ती वातावरण शोधत एका छोट्या कॉलेजात चार वर्षं काढली. शिकवणारे देवमाणसं. पण कॉलेजला मान्यता नव्हती, आणि हे मला शेवटच्या वर्षी कळलं. सरकारी शाळेच्या प्रमाणपत्रासाठी ती पदवी धरली गेली नाही, दुसरीकडे गेलो तर अर्ध्याहून जास्त क्रेडिट वाया. आज गोदामात सुपरवायझर आहे आणि शनिवारी शिकवण्या घेतो. जिथं जाल तिथं पहिला प्रश्न मान्यतेचा, दुसरा प्रश्न शिक्षक घडवण्याचा राज्यमान्य कार्यक्रम आहे का. प्रार्थनागृह किती सुंदर आहे ते नंतर बघा.

पाळकीणबाई
बायोलाला मान्यता आहे हो.

तात्या_ह्यूस्टन
मान्यता बघा. हेच मी म्हणत होतो.

थोरली
तात्या, हे तुम्ही म्हणत नव्हतात.

ताई, मी स्वतः होमस्कूल. पाच भावंडांत थोरली, नावातच आलं. आज ११ वर्षं सरकारी शाळेत तिसरीला शिकवते. तुमच्या मुलीकडे काय आहे ते आधी सांगते. एकाच मुलाला भागाकार तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी समजावून चौथ्या दिवशी त्याचा चेहरा उजळताना तिनं पाहिलंय. माझ्या बॅचच्या कितीतरी जणींनी प्रशिक्षणाला येईपर्यंत ते पाहिलं नव्हतं. आमच्या आईची पद्धत होती, धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं. मी अजून वर्गात तेच करते.

आता जे नव्हतं ते. घरी मुलाला समजलं नाही तर पान उलटायचंच नाही. शाळेत घंटा होते आणि पान उलटावं लागतं, समजलेलं असो वा नसो. पहिल्या वर्षी मी यावरून रडले. २६ मुलांत दोघांना अजून अक्षरं जुळवता येत नव्हती आणि चौघं कंटाळून टेबलाखाली शिरत होती. विशेष गरजांच्या मुलांचे कागद, त्यांच्या बैठका, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. म्हणून पैसे भरण्याआधी तिला अनोळखी मुलांच्या गर्दीत उभं करा. उन्हाळी शिबिर, शाळा सुटल्यानंतरचे वर्ग, काहीही. को-ऑपमधली मुलं ओळखीची असतात आणि त्यांच्या आया मागे बसलेल्या असतात.

तुमच्या पैशात बसेल असा रस्ता: आताच ड्युअल क्रेडिट (शालेय वयातच कॉलेजचे विषय), मग कम्युनिटी कॉलेजात शिक्षणाची दोन वर्षांची एएटी पदवी, मग जवळच्या सरकारी विद्यापीठात उरलेली दोन, घरी राहून. पुढे टेक्सेस, म्हणजे राज्याच्या शिक्षक प्रमाणपत्राची परीक्षा. प्राथमिकला वाचन शिकवण्याची वेगळी परीक्षा २०२१ पासून सक्तीची आहे, आणि ती तर तुमची मुलगी सहज देईल.

पाळकीणबाई
पण सरकारी शाळेत प्रार्थनासुद्धा करता येत नाही!

पेनसिल्व्हेनियाकर
येते. २०२२ चा ब्रेमर्टनचा निकाल वाचा, फुटबॉलचा कोच सामन्यानंतर मैदानावर एकटा गुडघे टेकायचा, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला.

थोरली
स्वतःपुरती करता येते. वर्गाकडून म्हणवून घेता येत नाही, ते १९६२ पासून बंद आहे. मी रोज पार्किंगमध्ये गाडीतच करते. कोणी अडवलेलं नाही.

गणितवेडा
खासगी ख्रिस्ती शाळेत शिकवायचं तर टेक्ससमध्ये राज्याचं प्रमाणपत्र लागतच नाही. कशाला एवढा खटाटोप?

अडकलेला_मास्तर
पगार विचारा आधी. मी विचारला होता.

गणितवेडा
बरं. मग टीच ग्रँट घ्या, शिक्षक होणाऱ्यांसाठीची केंद्र सरकारची मदत, वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत. फुकट.

थोरली
फुकट नाही! कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या शाळेत, टंचाईच्या विषयात, आठ वर्षांत चार वर्षं शिकवावं लागतं. नाही शिकवलं तर सगळं कर्ज होतं, पहिल्या दिवसापासूनच्या व्याजासह. गणित किंवा विशेष शिक्षण घेणार असेल तरच विचार करा.

सॅक्सन_हवंय
संचाचं काही?

मोगरा_डॅलस
दोन महिन्यांनी लिहितेय, क्षमस्व. थोरली, तुमचं ऐकून तिला जूनमध्ये शहराच्या उन्हाळी शिबिरात पाठवलं. २२ मुलं. पहिले दोन दिवस घरी आली ती न जेवता झोपली. तिसऱ्या दिवशी एका मुलानं बूट फेकून मारला. चौथ्या दिवशी तोच मुलगा तिच्याशेजारी बसून गोष्ट ऐकत होता म्हणे, आणि आता ती म्हणते मला अशाच मुलांना शिकवायचंय, विशेष शिक्षण. ट्रान्सक्रिप्ट केलं, सहा पानी झालं, यांनी ते दोन पानांवर आणलं.

आता रागावू नका. ती आधी एक वर्ष इथून तासाभरावरच्या बायबल कॉलेजात जाणार आहे. ६,००० डॉलर, राहण्यासकट. मान्यता नाही. क्रेडिट पुढे धरत नाहीत, हे त्यांनीच फोनवर स्पष्ट सांगितलं. अडकलेला_मास्तर, तुमचा प्रतिसाद तिला दोनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, माहीत नसताना अडकणं वेगळं, मी एकच वर्ष जातेय आणि ते शास्त्र शिकायला. त्यानंतर कम्युनिटी कॉलेज. यांनाही पटलेलं नाही, पण फॉर्म भरला.

अडकलेला_मास्तर
एक वर्ष म्हणूनच मीही गेलो होतो.

पाळकीणबाई
ताई, प्रभूची इच्छा. तरी बायोलाचा फॉर्म भरून ठेवायला काय हरकत आहे?

थोरली
बूट फेकणारा शांत बसला ना? मग तिला जाऊ दे. पुढच्या वर्षी टीच ग्रँटबद्दल विचारायला इथेच या, विशेष शिक्षणाला ती लागू पडते.

तात्या_ह्यूस्टन
वर्ग सांभाळला की पोरीनं. मी काय म्हणत होतो?

मोगरा_डॅलस
सॅक्सन_हवंय, संच देते, पण उत्तरांच्या पुस्तकाची पानं धाकट्यानं फाडलीत. चालेल का?