निमो पाळायचाय? मग आधी ऍनिमोन विसरा (माझं मत, भांडायला या)

खारट_पुणेकर

माझ्याकडे क्लाउनफिशची, म्हणजे सिनेमातल्या निमोची जोडी आहे, ऑसेलॅरिस जातीची, सातवं वर्ष चालूय. दर महिन्याला ओळखीतलं कुणीतरी फोन करतं की पोराचा वाढदिवस आहे, निमो घ्यायचाय, आणि दुकानदार म्हणतोय टँक, मीठ, दोन मासे, एक ऍनिमोन (समुद्रातला फुलासारखा दिसणारा जीव, ज्यात हा मासा लपून राहतो), सगळं आजच्या आज घेऊन जा. असं घेणार असाल तर घेऊ नका, सरळ गप्पी पाळा.

हा मासा नीट सांभाळला तर वीस वर्षं जगतो, म्हणजे पोरगं कॉलेजात जाईल तरी हा टँकमध्येच असेल. आणि बहुतेक घरांत तो दोन महिने पण काढत नाही, कारण पाणी तयार नसतं. मासा शू करतो, खाणं कुजतं, त्याचा अमोनिया होतो, आणि तो खाणारे बॅक्टेरिया दगडावर-वाळूवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनिया जास्त विषारी. म्हणून गोड्या पाण्यात जी घाई खपून जाते ती इथे खपत नाही. अमोनिया शून्य, नायट्राइट (अमोनियापासून बनणारं पुढचं विष) शून्य येईपर्यंत रिकामा टँक बघत बसा. बायको हसेल, हसू दे.

आणि ऍनिमोन नको म्हणजे नकोच. समुद्रात माशाला तो लागतो कारण तिथे खाणारे आहेत. तुमच्या हॉलमध्ये त्याला कोण खाणारे?

डोंबिवली_फास्ट

अहो इतकं घाबरवलंत तर कोण पाळेल हा मासा? माझ्या ४० लिटरच्या टँकमध्ये दोन निमो दोन वर्षं मस्त आहेत, ना चिलर (पाणी थंड करायचं मशीन) ना काही. बाटलीतले बॅक्टेरिया घातले, आठव्या दिवशी मासे सोडले. तुमच्यासारख्या लोकांमुळे वाटतं की मरीन टँक म्हणजे फक्त श्रीमंतांचं काम.

खारट_पुणेकर

दोन वर्षं म्हणजे वीसातली दोन, एवढंच म्हणेन. बाटली वापरायला माझी ना नाही, पण टेस्ट किटने शून्य बघून सोडलेत की दिवस मोजून? ४० लिटरचा त्रास असा की चूक करायला जागाच नाही, दोन दिवस उडालेल्या पाण्याच्या जागी पाणी टाकायला विसरलात की खारटपणा वर जातो. मी कमीत कमी ७५ लिटर म्हणतो, ते श्रीमंतीसाठी नाही, माझ्यासारख्या विसराळू माणसासाठी.

मालवणी_खाजं

मला एक कळत नाही, तुम्ही लोक मीठ इकत कित्याक घेतास? आमच्या दारात समुद्र आहे, दोन कॅन भरले की झालं, फुकट, आणि मासा पण तसल्याच पाण्यातला. सगळी ही विकायची नाटकं.

खारट_पुणेकर

भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण कुठून भरता आणि कधी भरता? पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी नदीचं गोडं पाणी उतरतं, खारटपणा धपकन पडतो. टँकला स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (म्हणजे खारटपणाचं माप) १.०२३ ते १.०२६ पाहिजे आणि मुख्य म्हणजे रोज तीच पाहिजे. शिवाय बंदराजवळचं डिझेल, सांडपाणी. ते मोजायचं हायड्रोमीटर आहे का तुमच्याकडे?

मालवणी_खाजं

नाही. पण समुद्र माझ्या आजोबांपासून ओळखीचा आहे.

रात्रपाळी_वैद्य

मी दोघांच्याही विरोधात. मुळात हा मासा घरात आणायचाच कशाला? ऍनिमोनजवळ आयुष्य काढणारा जीव, काचेच्या पेटीत ठेवून वर म्हणायचं की समुद्रापेक्षा इथे जास्त जगतो. हे खरं पण नाही. पापुआ न्यू गिनीमधल्या परक्युलाचा (क्लाउनफिशचीच दुसरी जात) अभ्यास २००७ साली छापून आला होता, त्यात मादी समुद्रातच सुमारे ३० वर्षं जगू शकते असा अंदाज होता.

खारट_पुणेकर

तो अंदाज मलाही माहितीये, आणि म्हणूनच तर म्हणतो की आपल्याकडे तो सहा महिन्यांत मेला तर दोष त्याच्या नशिबाचा नाही, आपला. पण समुद्रातून पकडलेला घेऊ नका या तुमच्या मताला माझी सही. हा हॅचरीत (पिल्लं जन्मापासून वाढवतात तिथे) वाढवता येणारा मासा आहे, तमिळनाडूत मंडपमला सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) तो वाढवून दाखवलाय. हॅचरीतला पिल्लापासून गोळी-खाणं खातो. पकडलेला उपाशी, भेदरलेला येतो आणि बऱ्याचदा अंगावर ब्रूकलिनेला हा परजीवी घेऊनच येतो, अंगावर चिकट पांढरा थर, श्वास जोरात, दोनतीन दिवसांत खेळ खलास. हॅचरीतला असला तरी वेगळ्या टँकमध्ये तीनचार आठवडे ठेवाच.

रात्रपाळी_वैद्य

हॅचरीतलाच आहे हे ग्राहकाला कळणार कसं? दुकानदार हो म्हणाला म्हणून? हे तुम्ही टाळलंत.

खारट_पुणेकर

टाळलं नाही, पक्का उपाय नाही माझ्याकडे. दुकानात उभं राहून खाणं टाकायला सांगा, गोळी लगेच खाल्ली तर बरं लक्षण. पुरावा नाही, मान्य.

सुलभाताई_नागपूर

माझ्याकडे ऍनिमोन आहे, बबल टिप जातीचा, वर्ष झालं, आणि माझी जोडी रात्री त्यातच झोपते. ते बघायचं सुख तुम्हाला काय कळणार? पण खरं सांगते, तो आणला तेव्हा टँक दीड वर्षाचा होता आणि लाइट चांगले होते. पहिला ऍनिमोन मी दुसऱ्या महिन्यातच आणला होता, तो फिरत फिरत पंपात अडकून चिंधड्या झाला आणि सगळं पाणी नासलं, एक मासा गेला. बाकी इथे मे महिन्यात पाणी ३२ च्या वर जातं, चिलर परवडला नाही, पंखा लावला तर दोनतीन डिग्री उतरतं पण पाणी भसाभसा उडतं.

खारट_पुणेकर

ताई, दीड वर्ष थांबलात, मग तुमच्याशी भांडण नाही. नवशिक्यांसाठी एक, उडालेल्या पाण्याच्या जागी गोडंच घाला, मीठ उडत नाही, ते टँकमध्येच राहतं. आणि घरच्या आरओचं पाणी टीडीएस मीटरने (विरघळलेले क्षार मोजतो तो) मोजा, त्यात बऱ्याचदा मुद्दाम थोडं साधं पाणी मिसळलेलं असतं.

डोंबिवली_फास्ट

बरं एक विचारतो, भांडण बाजूला. गणपतीला आठ दिवस गावाला जातो. गेल्या वर्षी शेजारच्या काकूंनी प्रेमाने अर्धा डबा खाणं ओतलं. आल्यावर पाणी दुधासारखं. मासे वाचले, कसे ते देवाला माहीत.

सुलभाताई_नागपूर

रोजच्या खाण्याच्या पुड्या बांधून द्या, डबा कपाटात लपवा. एखाद दिवस खाणं नसलं तर मोठा मासा मरत नाही, पाणी नासलं तर मरतो. आणि उडालेल्या पाण्यासाठी काचेवर मार्करने रेघ मारा, काकूंना सांगा रेघेपर्यंत या बाटलीतलं पाणी, बस.

डोंबिवली_फास्ट

हे आवडलं. अजून एक, दोनचे तीन करू का? एकटे वाटतात.

खारट_पुणेकर

अजिबात नको! सगळे जन्मतः नर असतात, जो सगळ्यात दांडगा तो मादी होतो, त्याच्या खालचा तिचा नर. तिसऱ्याला तुमच्या ४० लिटरमध्ये पळायला जागा कुठे? मार खाऊन मरेल. एकटे नाहीत ते, नवरा-बायको आहेत.

मालवणी_खाजं

पुतण्याकडून हायड्रोमीटर मागवला. काल धक्क्यावरचं पाणी मोजलं, १.०१६. गप बसतो. पण मे महिन्यातलं मोजून परत येणार आहे, तेव्हा बघू.