लहान, घुमणाऱ्या खोलीसाठी कोणते स्पीकर घ्यावेत?

मंडळी, मदत हवी आहे. खोली १० बाय ११ फूट, खाली फरशी, एका बाजूला पूर्ण काच. टाळी वाजवली तरी झणझणते. बुकशेल्फ (स्टँडवर किंवा टेबलावर ठेवायचे छोटे) स्पीकरच घ्यायचे हे नक्की, टॉवरचा (जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरचा) हट्ट सोडलाय. पण मागे पोर्ट (बास वाढवणारं हवेचं भोक) असलेले की सीलबंद (असं भोक नसलेले)? भिंतीपासून जेमतेम वीतभर जागा मिळेल. समोरासमोरच्या भिंतींमधल्या १० फुटांच्या अंतरात ५६ हर्ट्झच्या आसपास बास (खर्जाचा आवाज) फुगणारच, त्यात पोर्टने भर घातली तर डग्गा नुसता घुमत राहील अशी धास्ती वाटते. जाड पडदे आणि गालिचा टाकणार आहे, पण त्यांनी वरच्या पट्टीचाच आवाज शोषला जातो ना? ऐकणं मुख्यतः गायन, तेही हळू आवाजात. साडेपाच इंची वूफर पुरेल का? अशा खोलीत कुणी सीलबंद वापरले असतील तर जरूर सांगा.