मदत हवी आहे: इलेक्ट्रिक स्केटबोर्ड २८ च्या पुढं वळवळतोय, नट आवळूनही थांबेना

मंडळी, कोल्हापुरात इलेक्ट्रिक स्केटबोर्ड चालवणारं कुणी आहे का? नसलं तरी लाँगबोर्डवाले, लेथवाले, सगळ्यांनी वाचा, कुणाला तरी सुचेल.

दोन महिन्यांपूर्वी पुण्यातनं जुना बोर्ड घेतला. मागच्या चाकांना बेल्टवर दोन मोटरी, पुढचा-मागचा ट्रक दोन्ही ५० अंशांचे, म्हणजे बोर्ड कलला की चाकं बरीच वळवणारे. (ट्रक म्हणजे चाकांचा दांडा धरणारा भाग, लॉरी नव्हे. घरी हे तीनदा सांगून झालंय.) माझं वजन ८४ किलो. शेंडा पार्काच्या बाजूला पहाटे रस्ता मोकळा असतो, तिथं चालवतो. ताशी २५ पर्यंत बोर्ड एकदम गुळगुळीत जातो. २८ ओलांडले की पायाखाली मासा तडफडावा तसं सुरू होतं. आधी बारीक थरथर, मग दोन सेकंदांत बोर्ड डावी-उजवी आपटायला लागतो. परवा घाबरून रिमोटवर ब्रेक दाबला तर आणखीच वाढलं आणि मी थेट गवतात. हेल्मेट नि हातमोजे होते म्हणून कोपर सोलण्यावर निभावलं. घरी सायकलवरनं पडलो असं सांगितलंय.

दोन्ही ट्रकच्या किंगपिनचे (मधल्या मुख्य बोल्टचे) नट आवळून बघितले. आधी अर्धा फेरा, मग एक, मग पाना फिरेना इतके. बोर्ड वळायचाच बंद झाला, वॉबल (ही वळवळ) मात्र २८ ऐवजी ३० ला येतंय एवढाच फरक. बेअरिंगला खेळ नाही. पुढचा ट्रक उघडला तर बुश (किंगपिनवरचे रबरासारखे गोल तुकडे) कडेनं फुगलेले दिसले, वर ८५ए (कडकपणाचा आकडा) लिहिलंय. माझ्या वजनाला किती कडक बुश लागतील? आणि उद्यमनगरात पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) रॉडमधनं लेथवर टर्न करून मिळतील का?

प्रतिसाद

दादा, नट आवळून मऊ बुश कडक होत नाही, नुसता चेपतो. फुगलेत म्हणताय ते त्यामुळंच. नट सैल करा. वॉशर किंचित फिरेल पण खडखडणार नाही, इतपतच आवळायचा. मी साधारण तुमच्याच वजनाचा आहे, पुढं ९०ए आणि मागं ९३ए वापरतो.

खरं दुखणं मागच्या ट्रकचं असतं. बोर्ड कलला की पुढची चाकं एकीकडं वळतात, मागची उलटीकडं. हळू जाताना ते बरं, वेगात मागून वळणारी कुठलीही गाडी बेभरवशाची. कारखान्याकडं निघालेला उसाचा ट्रॅक्टर बघितलाय ना? ट्रॉलीत मागच्या बाजूला ऊस जास्त पडला की ती शेपूट हलवायला लागते. बोर्डाचंही तसंच. वजन मागच्या पायावर गेलं की मागचा ट्रक गाडी हाकायला लागतो. आणि ब्रेक दाबला की अंग पुढं जातं, ते सावरायला आपण नकळत मागं रेलतो. तुम्ही गवतात गेलात ते असं.

त्यामुळं वेगात निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायावर, गुडघे वाकलेले आणि ढिले. ताठ पाय थरथर बोर्डाला परत देतात. वळवळ सुरू झाली तर आधी पुढं झुका, थ्रॉटल हळू सोडा, ब्रेक अगदी बोटाच्या टोकानं.

मागच्या ट्रकखाली कोनाची पाचर घालून ५० चे ४० अंश केले तर आणखी फरक पडेल. पाचर उलटी बसली तर कोन वाढतो, म्हणून बसवल्यावर बोर्ड हातानं कलवून बघा, मागची चाकं आधीपेक्षा कमी वळली पाहिजेत. मोटर फळीला किंवा रस्त्याला घासत नाही ना, तेही बघा.

एक विचारायचं राहिलं, मागचा ट्रक उघडला होता का?

प्रतिसाद

उद्यमनगरात आमचं टर्निंगचं काम आहे. पीयू रॉड ९० शोअरचा (म्हणजे ९०ए) सहज मिळतो, पण मऊ माल टूलखाली पळतो, माप येत नाही. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून, टूलला धार देऊन करावं लागतं. करून देईन हो भावा, पण हा रॉड प्रेस टूलसाठीचा असतो, स्केटच्या बुशची उसळी त्याला नसते. वेगात जाणार असशील तर तयार बुशच माग. पाचर मात्र नायलॉनची उद्याच्या उद्या मिलिंग करून देतो.

प्रतिसाद

फुल फेस हेल्मेट घाल आधी. आणि रंकाळ्यावर संध्याकाळच्या गर्दीत आणू नकोस.

धागाकर्ता

मागचा ट्रक उघडला नव्हता, बेल्ट-मोटर काढायचा कंटाळा. काल रात्री उघडला. वाटीसारखं वॉशर असतं ना, त्याची वाटी बुशवर बसायला पाहिजे, ती उलट्या बाजूला होती. आधीच्या मालकानं की दुकानदारानं बसवलं देव जाणे. पिव्होट कपही (दांड्याचं टोक ज्यात बसतं ती वाटी) एका बाजूनं झिजलेला, दांडा हातानं हलवला तर टक-टक वाजतो. म्हणजे इतके दिवस मी नुसते नट आवळत बसलो आणि खेळ मागच्या ट्रकमध्ये.

वॉशर सरळ केलं, नट सैल केले, आज पहाटे गुडघे वाकवून पुढच्या पायावर उभा राहिलो. बुश तेच जुने, तरी ३० ला थरथर आली नि आपली आपण विरली. त्यापुढं नेला नाही. ९० आणि ९३ चे बुश, नवे पिव्होट कप मागवलेत.

उद्यमनगरवाले दादा, पाचरीसाठी ट्रकची बेसप्लेट (फळीला लागणारा तळ) घेऊन शनिवारी येऊ का? भोकांची मापं कागदावर काढलीत, पण माझ्या मोजपट्टीवर माझाच विश्वास नाही.