'चार दाती, दुसऱ्या वेताची, तीन महिन्यांची गाभण' : दुधाची शेळी घेताना हे तपासायचं कसं?

प्रश्न : मळेकरी_शिरूर

शिरूरकडे मळ्यात दुधासाठी पाच-सहा शेळ्या ठेवायच्या आहेत. संगमनेरी जातीच्या घ्यायचा विचार आहे. चाकणच्या बाजारात व्यापारी एका दमात सांगतात, "चार दाती, दुसऱ्या वेताची, तीन महिन्यांची गाभण, जुळं देणारी." शब्द कळतात, पण पैसे मोजण्याआधी त्यातलं काय जागेवर ताडता येतं? शिवाय एक जण भुंडा बोकड देतोय. शिंगं नसली की मारामारी नाही, म्हणतो. घ्यावा का?

उत्तर : शेळीपालक_जुन्नर

दातांपासून सुरू करा, तिथे खोटं चालत नाही. शेळीला समोरचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, एकूण आठ. सगळे दुधाचे, बारीक असले तर ती आदत, म्हणजे साधारण वर्षाच्या आतली. मधले दोन पडून रुंद पक्के दात आले की दोन दाती, वय सव्वा ते दीड वर्ष. चार दाती म्हणजे दोन वर्षांच्या आसपास, सहा दाती अडीच ते तीन, आणि आठही पक्के झाले की साडेतीन-चार. चाऱ्यानुसार दोन-चार महिने इकडेतिकडे होतात. पुढे दात झिजतात, फटी पडतात. तशी शेळी स्वस्त मिळाली तरी दुधासाठी नको.

आता हिशोब जुळवा. चार दाती शेळीचं दुसरं वेत (म्हणजे दुसऱ्यांदा विणं) पटण्यासारखं आहे. पण दोन दाती दाखवून 'तिसऱ्या वेताची' म्हणत असेल तर पुढे चला. पहिलारूचं (पहिल्यांदा व्यालेल्या शेळीचं) दूध बघून निराश होऊ नका. तिसऱ्या-चौथ्या वेताला शेळी सर्वांत जास्त दूध देते.

कास मात्र नीट बघा. बाजाराच्या दिवशी सकाळची धार चुकवून कास तुंबवून आणतात, ती टम्म दिसणारच. तुमच्यासमोर पूर्ण धार काढायला लावा. दुधाची कास रिकामी झाली की पिशवीसारखी मऊ, सुरकुतलेली होते. मांसल कास धारेनंतरही तेवढीच राहते. दोन्ही सडांच्या पहिल्या चार-पाच धारा काळ्या फडक्यावर घ्या. गुठळ्या, पाणी किंवा रक्ताची झाक दिसली तर दगडी, म्हणजे कासदाह आहे. एक सड गेलेला असेल तर भाव निम्मा करून नव्हे, शेळीच सोडून द्यायची. रोजचं दूध सांगतात ते दोन वेळचं की एका वेळचं, तेही विचारा. संगमनेरीकडून दिवसाला एक लिटरच्या आसपासची अपेक्षा ठेवा. 'तीन लिटर देते' असं कोणी म्हणालं तर त्याच्या गोठ्यावर जाऊन दोन वेळच्या धारा स्वतः मोजा.

उत्तर : पशुवैद्यक_हवेली

'तीन महिन्यांची गाभण' यावर पोट चाचपून विश्वास ठेवू नका. चरून आलेल्या शेळीचं पोट असंच भरलेलं दिसतं. फळवल्यापासून (बोकड दाखवल्यापासून) दीड महिन्यानंतर सोनोग्राफीत स्पष्ट कळतं. पहिलारू कास करायला लागते तीही चौथ्या महिन्याच्या सुमारास. त्याआधी कासेवरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

माजाचा हिशोब असा. शेळी साधारण 18 ते 21 दिवसांनी माजावर येते आणि माज दीड दिवसापर्यंत टिकतो. शेपटी सारखी हलवणं, ओरडणं, खाणं कमी होणं, योनीतून चिकट स्राव, दूध अचानक घटणं ही लक्षणं. माज दिसल्यापासून 12 तासांनी बोकड दाखवा, शक्य असल्यास पुन्हा 12 तासांनी. तीन आठवड्यांनी परत माजावर आली तर ती उलटली. एखादी उलटली तर चालतं. कळपातल्या बऱ्याच उलटत असतील तर दोष बोकडात किंवा खुराकात शोधा. मुका माज असलेल्या शेळ्या फक्त बोकडालाच ओळखू येतात, म्हणून रोज सकाळी बोकड समोरून फिरवावा.

फळवण्याच्या दोन-तीन आठवडे आधी रोज पाव किलो जास्तीचा खुराक सुरू करा. 'जुळं देणारी' हे जातीबरोबर त्या वेळच्या अंगावरच्या मांसावरही ठरतं. हाडं निघालेली शेळी एकच करडू देईल.

उलटणं आणि गाभडणं यात गल्लत करू नका. गाभडली म्हणजे गाभ पडला. गाभडलेली शेळी 'भाकड आहे, पुढच्या वेताला देईल' म्हणून विकली जाते. सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस) हा रोग माणसालाही होतो आणि तो कच्च्या दुधातूनही येतो. तुम्ही दूध घरोघर देणार असाल तर प्रत्येक शेळीची रक्ततपासणी कराच. पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे नमुना कसा पाठवायचा ते तुमच्या दवाखान्यात सांगतील. पडलेला गाभ आणि वार उघड्या हातांनी उचलू नका, खोल पुरून वर चुना टाका.

उत्तर : पैदास_वही

भुंड्या बोकडाबद्दल कोणीच बोललं नाही. भुंडा बोकड आणि भुंडी शेळी ही जोडी लावायची नाही. शिंगं नसण्याच्या गुणाबरोबर दोष येतो. आईबाप दोघांकडून तो गुण मिळालेल्या माद्या अर्धनारी निघतात आणि कधीच गाभण राहत नाहीत. वरवर चांगली पाठ (तरुण, न व्यालेली शेळी) दिसते, वर्षभर खुराक खाते आणि मग कळतं. दोघांपैकी एकाला तरी जन्मजात शिंगं हवीत. डागून शिंगं काढलेली शेळी भुंडी धरू नका, तिच्या रक्तात शिंगं आहेतच.

खरं तर पाच-सहा शेळ्यांसाठी बोकड पाळणंच परवडत नाही. एक बोकड 20-25 शेळ्यांना पुरतो, आणि दुभत्या शेळ्यांजवळ बांधला तर दुधाला त्याचा उग्र वास लागतो. शेजारच्याचा चांगला बोकड फळवायला मागा, मात्र त्याची आई किती दूध द्यायची ते विचारून. ठेवलाच तर दोन वर्षांनी बदला, नाहीतर बाप-लेकीचा संकर होऊन करडं मरतुकडी निघतात. पाठ पहिल्यांदा फळवताना वय नाही, वजन बघा. मोठ्या शेळीच्या दोन तृतीयांश वजन झाल्याशिवाय नको.

मळेकरी_शिरूर

बोकडाचा विषय संपला मग. शेळ्यांची नोंदवही ठेवायची तर तिच्यात नेमकं काय लिहायचं? आणि शेवटच्या महिन्यातली गाभण घेतली तर लगेच दूध सुरू होईल, असं एक जण सुचवतोय.

उत्तर : पशुवैद्यक_हवेली

शेवटच्या महिन्यातली नको. टेम्पोच्या हादऱ्यांनी गाभडू शकते. शिवाय पोटात जुळी-तिळी असताना जागाबदलामुळे दोन दिवस खाणं सुटलं की किटोसिस (उपासामुळे अंगातली चरबी वितळून होणारा आजार) होतो. शेळी मान टाकून बसते आणि करडांसकट जाते. दोन ते तीन महिन्यांची, सोनोग्राफी केलेली घ्या, किंवा नुकतीच व्यालेली करडांसह.

वहीत फळवल्याची तारीख सर्वांत महत्त्वाची, बाकी तारखा तिच्यावरून निघतात. समजा 10 जुलैला फळवली. 150 दिवस धरले की 7 डिसेंबरला व्यायला हवी, पाच दिवस मागेपुढे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दूध आटवा, म्हणजे कासेला दोन महिने विश्रांती मिळते. आटवताना खुराक बंद करून सुक्या चाऱ्यावर ठेवा आणि धार काढणं थांबवा. अधूनमधून थोडी थोडी काढत राहिलात तर आटत नाही, उलट दगडीला निमंत्रण. शेवटच्या दीड महिन्यात खुराक हळूहळू पुन्हा वाढवा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस द्या, म्हणजे तिचं संरक्षण चिकातून करडाला मिळतं.

व्याल्यावर करडाची नाळ आयोडीनमध्ये बुडवा आणि पहिल्या तासात चीक पाजा. चोवीस तासांत वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे तीन किलोच्या करडाला 300 मिली, तीन-चार वेळांत विभागून. वार पडण्याची वाट बघत चीक अडवून ठेवण्याची पद्धत अजून काही ठिकाणी आहे, ती साफ चुकीची. करडू चोखतं तेव्हाच गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार लवकर पडते. 12 तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा, ओढू नका.