फांदीपासून रोप : आपापले अनुभव

कृष्णाकाठ, सांगली
गेल्या आठवड्यात विश्रामबागेतल्या मैत्रिणीने देवासाठी जास्वंदीची फुले पाठवली. फिकट पिवळी आणि पोटाशी गर्द लाल अशी ती फुले पाहून आईची बाग आठवली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा गावभागातले आमचे परसही पाण्याखाली होते. पाणी उतरल्यावर मुळांवर गाळ बसून राहिला आणि हवा न मिळाल्याने मोगरा, तगर, जास्वंद ही सारी झाडे एकामागून एक वाळली. मात्र आईला फांद्या वाटण्याची फार हौस होती आणि हळदीकुंकवाला आलेली बाई ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी घेतल्याशिवाय क्वचितच परत जात असे, त्यामुळे हीच जास्वंद विश्रामबागेत आणि मिरजेत आधीच रुजलेली होती आणि तिथूनच ती आमच्याकडे परत आली. बियांच्या रोपाचे फूल वेगळे निघू शकते, परंतु फांदीचे रोप म्हणजे मूळचेच झाड असते. आपण कोणती झाडे अशी वाढवली आणि कशी, ते अवश्य लिहावे.

मंगळवार पेठ, सातारा
जास्वंदीसाठी मी पेन्सिलीएवढ्या जाडीची, ना कोवळी ना जून अशी फांदी घेतो. लांबी साधारण १५ सेंटिमीटर असावी आणि तिच्यावर तीन-चार डोळे, म्हणजे पालवी फुटण्याच्या जागा, असाव्यात. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका घ्यावा आणि वरचा सरळ घ्यावा, म्हणजे लावताना फांदी उलटी रोवली जात नाही. उलट्या फांदीला मुळे धरणे कठीण असते. खालची पाने काढून टाकावीत आणि वरची दोन ठेवून तीही निम्मी कापावीत. मुळे नसलेली फांदी पुरेसे पाणी शोषू शकत नाही, पाने मात्र ते हवेत सोडतच राहतात, त्यामुळे हा सगळा पाण्याच्या जमाखर्चाचा प्रश्न आहे. त्यासाठीच कुंडी सावलीत ठेवून फांदीवर बूड कापलेली प्लॅस्टिकची बाटली पालथी घालावी. आपल्याकडची काळी माती एकटी वापरू नये, कारण ती पाणी धरून ठेवते आणि फांदीचे टोक कुजते. निम्मी वाळू किंवा कोकोपीट मिसळावे. या टप्प्यावर शेणखताची मुळीच गरज नसते. आणखी एक, फांदीतल्या साठवलेल्या अन्नावरच पहिली पालवी फुटते, म्हणून पान दिसले याचा अर्थ मूळ आले असा घेऊ नये.

मिरजकर वहिनी
काका, हे शेवटचे वाक्य मी आमच्या ह्यांना दोनदा वाचून दाखवले. पालवी दिसली की ते रोज सकाळी फांदी उपटून मूळ आले का ते पाहतात आणि पुन्हा खोचतात. आपल्या हाताला यश नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्या मते यश आहे, उसंत नाही.

मंगळवार पेठ, सातारा
वहिनी, त्यांना पारदर्शक पेला द्यावा आणि त्याच्या बुडाला भोके पाडून घ्यावीत. कडेने मुळे दिसतील आणि फांदीही जागेवर राहील. केवळ मुळांजवळचा उजेड अडवण्यासाठी पेल्याभोवती कागद गुंडाळावा आणि पाहताना काढावा.

द्राक्षबागाईत, तासगाव
आमचा तर चरितार्थच काड्यांवर चालतो, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो. पूर्वी द्राक्षाची काडी थेट जमिनीत लावत आणि वेल स्वतःच्या मुळांवर वाढे. पुढे पाण्याची टंचाई आणि जमिनीतला क्षार या दोन्हींमुळे अशा बागा अडचणीत येऊ लागल्या, म्हणून आता आधी डॉगरिजसारख्या काटक खुंटाच्या, म्हणजे फक्त मुळांसाठी लावायच्या वेलाच्या, काड्या रुजवतात आणि त्या खुंटाला चिरून हव्या त्या जातीची काडी पाचरीसारखी बसवतात, म्हणजे पाचर कलम करतात. तास-ए-गणेश ही जात आमच्याच तालुक्यात थॉमसन सीडलेसमधून निवडली गेली, आणि आज तिचा जो वेल जिथे असेल तो काडी किंवा डोळा याच मार्गाने तिथे पोहोचलेला आहे. घरी मांडवावर एखादा वेल हवा असेल तर ऑक्टोबरच्या छाटणीत निघालेली, चांगली पिकलेली तपकिरी काडी मागून घ्यावी. कापल्यावर आत हिरवट ओल दिसली पाहिजे. कोरडी, करडी काडी सरपणाची समजावी. दोन डोळे मातीखाली आणि एक-दोन वर ठेवावेत. छाटणीच्या दिवसांत बांधावर अशा काड्यांचे ढीग पडलेले असतात आणि त्या द्यायला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

माणदेशी, दहिवडी
आमच्याकडे पाणी कमी, म्हणून चाफा. फांदी कापल्यावर चीक गळू द्यावा, काही दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी आणि मगच लावावी. ओली जखम मातीत गेली की फांदी सडते.

प्रीतिसंगम, कराड
चोरून आणलेली फांदी हमखास लागते आणि मागून आणलेली लागत नाही, असे आमची आजी म्हणत असे. या विषयावर जाणकारांनी प्रकाश टाकावा, कारण शेजारच्यांची बोगनवेल सध्या फारच बहरली आहे.

मंगळवार पेठ, सातारा
चोरणारा माणूस घरी जाऊन फांदी लगेच रोवतो आणि मागून आणणारा ती पिशवीत दोन दिवस विसरतो. आजींच्या निरीक्षणात तथ्य आहे, त्यामागचे कारण मात्र फांदीचा ताजेपणा हे आहे. बोगनवेल आपण मागूनच घ्यावी. तिचे काटे साक्ष देतात.

विट्याहून
कढीपत्ता आणि सोनचाफा यांच्या फांद्या मी दर पावसाळ्यात लावते आणि त्या दर पावसाळ्यात काळ्या पडतात. या दोन्हींसाठी काही निराळी पद्धत आहे का?

वाई
ताई, या दोन्हींच्या फांद्यांना मुळे सहजी फुटत नाहीत, तेव्हा आपल्या हाताला दोष देऊ नये. कढीपत्त्याच्या मुळांवरून बुंध्याभोवती फुटवे येतात, त्यातला एक मुळासकट अलग करावा किंवा पिकलेल्या फळांतले ताजे बी लगेच पेरावे. सोनचाफ्याचे मात्र कलमी रोपच विकत आणावे. गुलाबाचेही तसेच आहे. आमच्या अंगणातला गावठी गुलाब फांदीवर बिनतक्रार येतो, पण बाजारातले मोठ्या फुलांचे गुलाब बहुधा खुंटावर डोळा भरून केलेले असतात; त्यांची फांदी रुजली, तरी खुंटाचा जोम तिला मिळत नाही.

आटपाडी
डाळिंबाला आमच्याकडे गुटी बांधतात. पेन्सिलीएवढ्या फांदीवर साधारण अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढायची, कापाच्या वरच्या कडेला मुळे फुटण्याचे संजीवक लावायचे, ओले शेवाळ गुंडाळायचे आणि वरून प्लॅस्टिक घट्ट बांधायचे. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरते, ते या कापाशी अडते आणि तिथे मुळे धरतात. पाणी आतल्या लाकडातून वर चढत असल्यामुळे फांदी झाडावर जिवंत राहते. यात खरा धोका तेल्या या डाळिंबावरच्या जिवाणूजन्य रोगाचा असतो. रोगट बागेतली गुटी आणली तर तेल्याही तिच्याबरोबर येतो, म्हणून आम्ही रोप पाहण्याआधी मातृबाग पाहतो.

विट्याहून
गच्चीवरच्या कुंडीत माझे एक डाळिंब आहे. त्यावर आत्ता, उन्हाळ्यात गुटी बांधली तर चालेल का?

आटपाडी
बांधू नये, शेवाळ सुकून जाईल. पाऊस सुरू होऊन हवेत दमटपणा आला की बांधावी, आणि मुळे पांढऱ्याची तपकिरी होऊ लागली की फांदी झाडापासून एकदम न तोडता आधी खाच द्यावी आणि काही दिवसांनी अलग करावी. कात्री मात्र प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करून घ्यावी.