दुधाच्या पिशव्या आणि ५० पैसे: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी काका (ए-३०२): सर्वांना नमस्कार. ओल्या कचऱ्यात सुका मिसळलेला असेल तर उद्यापासून ताई तो उचलणार नाहीत. कृपया सहकार्य करावे 🙏

मृणाल (बी-१०४): काका, वेगळा करतोच आम्ही. पण प्लास्टिक येतंच इतकं की सुक्याचा डबा दोन दिवसांत भरतो. बंदी आहे म्हणतात, ती नक्की कोणावर? परवा मंडईबाहेर भाजीवाल्या मावशींना पिशव्यांवरून दंड झाला. शेजारच्याच दुकानात वेफर्सच्या पाकिटांच्या माळा लटकत होत्या, तिकडे कोणी बघितलंही नाही.

शिल्पा (सी-५०१): मृणाल, अगदी खरं. राज्याची बंदी २०१८ ची. २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि ३ महिने कैद. ती कॅरीबॅग, थर्माकोलची ताटं, चमचे, स्ट्रॉ यांच्यावर. कारखान्यातच भरून येणारं पाकीट त्यातून सुटलं.

त्याच्यासाठी केंद्राचा वेगळा नियम आहे, फेब्रुवारी २०२२ चा. जेवढं प्लास्टिक वेष्टन कंपनी बाजारात आणेल, तेवढ्याची विल्हेवाट तिने लावायची. पण कंपनी काही आपल्या दारात येत नाही, ती रिसायकलरकडून तेवढं प्लास्टिक रिसायकल झाल्याची प्रमाणपत्रं विकत घेते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत यातली लाखो प्रमाणपत्रं बनावट निघाली! आणि आपल्या डब्यातलं शाम्पूचं सॅशे तिथेच राहतं. भंगारवालाही घेत नाही, कारण त्यातले प्लास्टिकचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर सुटे होत नाहीत. मला याचा खरंच राग येतो.

आजोबा (ए-२०१): आम्ही मुंबईला होतो तेव्हा आरेच्या दूध केंद्रावर रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. एकही बाटली रस्त्यावर दिसायची नाही.

शिल्पा (सी-५०१): आजोबा, तेच परत हवंय! २०१८ च्या बंदीत दुधाच्या पिशवीसाठी तशी सोय होती. पिशवीवर ५० पैसे छापायचे आणि रिकामी परत केली की ते ग्राहकाला द्यायचे. २०१९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितलं होतं की राज्यात रोज १ कोटी पिशव्या लागतात, म्हणजे ३१ टन प्लास्टिक. महिन्याभरात योजना सुरू होईल असंही म्हणाले होते. आपल्यापैकी कोणाला दूधवाल्याने कधी ५० पैसे परत दिलेत?

संदीप (बी-४०२): ५० पैशांसाठी कोण पिशव्या धुवत बसणार?

शिल्पा (सी-५०१): संदीपदादा, तुम्ही नाही ठेवल्या तर वेचणाऱ्या ताई ठेवतील. १०० पिशव्यांचे ५० रुपये होतात. तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात दारूच्या बाटलीवर १० रुपये जादा घेतात आणि बाटली परत केली की देतात. तिथे बहुतेक बाटल्या परत येतात, जंगलात पडत नाहीत. गोव्यानेही २०२४ मध्ये अशी ठेव-परतावा योजना अधिसूचित केली. आपल्याकडे तर हे आधीच लिहून ठेवलेलं आहे, फक्त अमलात आणायचंय. म्हणून म्हणते, सोसायटीतर्फे राज्याच्या पर्यावरण विभागाला पत्र देऊया.

सेक्रेटरी काका (ए-३०२): पत्राला माझी हरकत नाही. मसुदा टाका, रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ. तोवर आपण काय करायचं?

शिल्पा (सी-५०१): पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका, नुसती चीर द्या. तो एवढासा तुकडा कोणालाच वेचता येत नाही, थेट गटारात जातो. पिशवी विसळून, वाळवून ठेवा. सी विंगच्या जिन्याखाली वेगळं पोतं बांधते. ते भरलं की ताईंनाच द्यायचं, विकून येतील ते पैसे त्यांचे.

मृणाल (बी-१०४): 👍 दह्याचे डबे चालतील का त्यात?

शिल्पा (सी-५०१): चालतील, पण वेगळ्या पिशवीत. ते प्लास्टिक वेगळं असतं. धुऊन द्या म्हणजे झालं.

संदीप (बी-४०२): पत्रावर माझीही सही घ्या.